नमुना क्रमांक तीन

गुरुवार. पाणी बंद.
म्हणजे कंडेन्सरला बादली, बादलीत कूलरचा पंप,
आणि समोरच्या रसवंतीतून वीस रुपयांचा बर्फ
अशफाकने टॉवेलात गुंडाळून आणलेला.
रजिस्टरात लिहायचं ऊर्ध्वपातन.
करायचं ते हे.

झाड दालचिनीचं. प्रभात रोडची आतली गल्ली,
दातांचे डॉक्टर ढवळीकर, त्यांच्या दवाखान्यामागे
पाण्याच्या टाकीला खेटून वाढलेलं.
देवगडहून डालड्याच्या डब्यात आलं होतं म्हणे.
आता बंगला बिल्डरकडे. सात मजले, दोन पार्किंग.
मुलीने तीन पुडकी आणून ठेवली टेबलावर,
रविवारच्या पुरवणीत बांधलेली :
पानं, साल, मुळं.
"नक्की काय शोधायचंय?" मी विचारलं.
"काय काय आहे, तेवढं सांगा."
फी आधी भरली. पावती मागून घेतली.

मंगळवारी पानं लावली.
चार तास भांडं गुरगुरलं
आणि जे आलं ते जड, पिवळट,
थेट पाण्याखाली जाऊन बसलं.
युजेनॉल, शंभरात अठ्ठ्याहत्तर.
म्हणजे लवंग. म्हणजे दाढ.
म्हणजे कापसाचा बोळा, "आ करा, अजून थोडं",
आणि पांढऱ्या कोटाची बाही.
खिडकीच्या आत चाळीस वर्षं जो वास,
तोच खिडकीबाहेर, पानोपानी.
योगायोग.
योगायोगाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

बुधवारी साल.
हेही तेल बुडालं, पण रंगाने मधासारखं.
सिनॅमाल्डिहाइड, एकाहत्तर.
अख्खा मजला मसालेभात झाला;
ग्रंथालयातल्या कानिटकर बाई जिना चढून आल्या,
आज कुणाचं काही आहे का, म्हणून.
युजेनॉल इथे नावाला, साडेपाच.
एकच खोड, एकाच टाकीचं गळकं पाणी,
आणि वीतभर अंतरावर
पानाचं म्हणणं वेगळं, सालीचं वेगळं.
आम्ही चार भाऊ. मला यात नवल वाटलं नाही.

मुळं मात्र गुरुवारवर ढकलत आलो होतो.
त्यांना अजून माती होती.
साठवलेल्या पाण्यात, दातांच्या जुन्या ब्रशने धुतली.
मुळाचा नमुना सहसा कुणी आणत नाही.
पानं खुडली तरी झाड राहतं,
साल बेताने काढली तरी राहतं.
मूळ टेबलावर आलं की
पुढचं विचारायचं नसतं.

मी जड तेलाची नळी जोडून बसलेलो,
दोन दिवसांच्या अनुभवावर.
आणि हे तेल वर आलं.
तरंगलं.
नळी बदला, पुन्हा पहिल्यापासून,
बर्फ संपला, अशफाक कुरकुरत दुसऱ्यांदा खाली गेला,
तेवढ्यात कंडेन्सरच्या गळ्याशी
पांढरे कण धरले, खडे मिठासारखे.
बोटाने पुसून हुंगले.
नियमात बसत नाही. हुंगले.

कापूर.

मशीनने आकडा नंतर दिला, एकोणसाठ पूर्णांक चार.

शनिवारी मृणालताई आल्या.
तक्ता वरून खाली वाचला, बोट ठेवून,
आणि तिसऱ्या रकान्यापाशी बोट थांबलं.
"हे दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना चुकून?"
"नाही. तुमचंच झाड."
"आमच्या घरात देव नव्हते हो.
आई गेली तेव्हासुद्धा बाबांनी कापूर लावू दिला नाही."
मी म्हटलं, कापूर आधी झाडाचा असतो,
देवाकडे मागाहून जातो.
हे बोलायला नको होतं बहुतेक. हिशेबापुरतं बोलावं.

त्या पुन्हा तक्त्याकडे वळल्या.
"बेरीज सत्त्याण्णवच होते."
"बाकीच्याला मशीन नाव देऊ शकलं नाही."
"म्हणजे तुम्ही ते लिहीतच नाही?"
"लिहितो. अनोळखी, असं लिहितो."

पानाची आणि सालीची बाटली पर्समध्ये गेली.
तिसरीचं बूच त्यांनी इथेच काढलं,
बराच वेळ नाकाशी धरली,
मग ती मूठ तशीच मिटून जिना उतरल्या.
सही करायची राहिली.

बादलीत गुरुवारचं पाणी होतं अजून.
खिडकीतल्या कुंडीला घातलं.
कुंडीत काय लावलंय ते अशफाकला माहीत,
मी कधी विचारलं नाही.